टॉरी कॅन्यन तेलगळती

तेलवाहू जहाजाच्या अपघातामुळे १९६७ मध्ये उद्‌भवलेली सागरी प्रदूषणाची एक मोठी आपत्ती. सु. १,१९,००० टन अशुद्ध खनिज तेल घेऊन ब्रिटनकडे जाणारे ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज १८ मार्च १९६७ रोजी कॉर्नवॉल व सिली बेटे यांच्या दरम्यानच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर आदळले. उरलेले तेल जाळण्यासाठी विमानांनी त्यावर बाँब टाकले. समुद्रावर व किनाऱ्यावर सु. १०,००० टन प्रक्षालके फवारण्यात आली.

प्लिमथ येथील सागरी जीववैज्ञानिक प्रयोगशाळेने नेहमीचे काम थांबवून या आपत्तीचा अभ्यास केला व त्याचे निष्कर्ष १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खडकावरील शैवले खरवडून खाणारे लिंपेट हे कवचधारी प्राणी तेलापेक्षा प्रक्षालकांनीच अधिक मेले, असे दिसून आले. परिणामी खडक प्रथम हिरव्या व पुढे तपकिरी शैवलांनी झाकले गेले. प्रक्षालके न वापरलेला किनारा काही वर्षांत सावरला. जेथे त्यांचा अतिरेक झाला, तेथे दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

हा फरक निश्चितपणे मांडता आला, याचे कारण तेथील किनारी जीवांच्या नोंदी १९५०–६० या दशकापासून ठेवलेल्या होत्या. आता उपग्रहांवरील रडारमुळे तवंगाचा विस्तार समजतो व वारे आणि प्रवाह यांवरून त्याच्या मार्गाचे अनुमान करता येते. तथापि जीवसृष्टीची हानी मोजण्यास अपघातापूर्वीच्या दीर्घकालीन नोंदी आवश्यकच असतात.