आठ मैलांवरचं शेजारभांडण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सांगली जिल्ह्यातलं पलूस आपल्याला ठाऊक आहे. ऊस आणि द्राक्षांचा तालुका. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातही एक पलूस आहे. स्पेलिंग निराळं, उच्चार जवळपास तोच. लाटांसारख्या पसरलेल्या टेकड्या आणि त्यांच्यावर गहू, हरभरा, मसूर. तिथली मसूर आपल्या देशातही येते. या टेकड्यांमधून दोन राज्यांची सीमा जाते. सीमेच्या पलीकडे वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन, अलीकडे आयडाहो राज्यातलं मॉस्को. रशियाचं नव्हे, हे आपलं पंचवीस हजार वस्तीचं साधं गाव. दोन्ही गावांत एकेक सरकारी विद्यापीठ आहे. आयडाहो विद्यापीठ १८८९ चं आणि वॉशिंग्टन स्टेट १८९० चं. दोघांमधलं अंतर जेमतेम आठ मैल.

या दोन शेजाऱ्यांची गोष्ट आज सांगायची आहे. अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळात गेली काही वर्षं जी उलथापालथ चालली आहे, ती या आठ मैलांत सगळी दिसते. कोणती श्रेणी, किती पैसा आणि शेजाऱ्याशी खेळायचं की नाही, या तीन प्रश्नांवर तिथले चाहते रात्र रात्र वाद घालतात. हा वाद नवा नाही. त्याला निदान साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास आहे.

आधी थोडा खुलासा करतो. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात धरून, अंगावर चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण घालून केलेली ती चढाई असते. आणि कॉलेजचा सामना म्हणजे चार मित्र आणि क्रीडाशिक्षक एवढाच प्रेक्षकवर्ग, असं तिथे नसतं. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजार माणसं बसतात. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ची आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांनी ती आरोळी शंभरपट करून डोळ्यांपुढे आणावी. त्यात माजी विद्यार्थी मिसळावेत, त्यांची मुलं-नातवंडं मिसळावीत आणि कधी कॉलेजचं तोंडही न पाहिलेले गावकरी मिसळावेत.

हा खेळ एके काळी इतका रानटी होता, की १९०५ च्या एका हंगामात अठरा खेळाडू दगावल्याची नोंद झाली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यातून पुढच्या वर्षी जी संघटना उभी राहिली, तिचंच नाव १९१० पासून एनसीएए. खेळाचे नियम ती करते, श्रेणी ती ठरवते. तिच्याखाली विद्यापीठांचे आपापले गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. एका कॉन्फरन्समधले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतात आणि टेलिव्हिजनचे पैसे वाटून घेतात. म्हणजे श्रेणी हा संघटनेने दिलेला दर्जा आणि कॉन्फरन्स ही आपली सोयरीक. भांडण दोन्हींवरून होतं.

आपल्या दोन शेजाऱ्यांचा पहिला सामना १८९४ सालचा. पुढे दोघेही पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले, पुलमन १९१७ मध्ये आणि मॉस्को १९२२ मध्ये. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळची बडी विद्यापीठं त्याच पंगतीला. पुलमनचा संघ बहुतेक वेळा मॉस्कोला हरवायचा. तीसच्या दशकाच्या अखेरीला एक गमतीदार प्रथा सुरू झाली. हरलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी जिंकलेल्यांच्या आवारापर्यंत चालत जायचं. साहजिकच पायपीट मॉस्कोच्या पोरांच्या नशिबी यायची. १९५४ मध्ये मात्र आयडाहोने १० विरुद्ध ० असा सामना जिंकला. एकोणतीस वर्षांनंतरचा तो पहिला विजय. त्या वेळी पुलमनचे विद्यार्थी शेकड्यांनी मॉस्कोची वाट चालले.

ती वाट मीही चाललो आहे. माझा भाचा पुलमनला शिकत होता, तेव्हा त्याच्याकडे तीन आठवडे राहिलो होतो. जुने रूळ काढून दोन गावांमध्ये आता पायवाट केली आहे. मॉस्कोत कॉफी प्यायला थांबलो, तर शेजारच्या टेबलावर चार वृद्ध गृहस्थ तावातावाने बोलत होते. मला वाटलं निवडणूक असेल. विषय होता, आपल्या संघाने वरच्या श्रेणीत जायला हवं होतं की नव्हतं.

या वादाचं मूळ १९५९ मध्ये आहे. त्याआधी दोन-तीन वर्षं पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये मोठी लफडी उघडकीस आली होती. खेळाडू हौशी असावेत, त्यांना पैसे देऊ नयेत असा नियम, आणि काही बड्या विद्यापीठांचे पाठीराखे गुपचूप निधी जमवून खेळाडूंना पैसे चारत होते. दंड झाले, आपसांत चिखलफेक झाली आणि १९५९ मध्ये कॉन्फरन्स मोडली. कॅलिफोर्नियातली चार बडी विद्यापीठं आणि सिअॅटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी नवा संसार थाटला. चार जण बाहेर राहिले. त्यांतल्या पुलमनला १९६२ मध्ये आत घेतलं, ओरेगन राज्यातल्या दोघांना १९६४ मध्ये. मॉस्कोला कोणीच बोलावलं नाही. याच नव्या संसाराचा पुढे पॅक-१० आणि मग पॅक-१२ झाला.

आयडाहोने १९६३ मध्ये डोंगराळ राज्यांतल्या छोट्या विद्यापीठांबरोबर बिग स्काय नावाची कॉन्फरन्स काढली. १९७३ मध्ये एनसीएएने तीन श्रेणी केल्या. १९७८ मध्ये फुटबॉलपुरती पहिली श्रेणीही चिरली आणि तिचे एक-ए व एक-डबल-ए असे दोन तुकडे झाले. बिग स्काय दुसऱ्या तुकड्यात गेली. आठ मैलांवरचे शेजारी आता कागदोपत्री वेगळ्या इयत्तांमध्ये होते.

इथे आपल्याकडच्या पद्धतीशी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. मुंबईच्या कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनमधला संघ जिंकत गेला की वर चढतो, वरचा हरत गेला की खाली उतरतो. बॅट आणि चेंडू काय ते ठरवतात. अमेरिकेतल्या कॉलेजांचं असं नाही. वर जायचं तर जास्त शिष्यवृत्त्या द्यायच्या, एके काळी मोठं स्टेडियम आणि प्रेक्षकांचा आकडाही दाखवावा लागे, आणि मुख्य म्हणजे कोणत्या तरी कॉन्फरन्सने पदरात घ्यायला हवं. गुणवत्तेइतकीच ऐपत बघितली जाते.

याच काळात कोर्टात एक निकाल लागला. कोणत्या विद्यापीठाचे किती सामने टीव्हीवर दिसावेत, हे तोवर एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याला आव्हान दिलं आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने ती मक्तेदारी मोडीत काढली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळचे नामांकित कॉलेज फुटबॉलपटू होते. बाजार खुला झाला की दुबळ्यांची आबाळ होईल आणि शिक्षणाशी असलेलं खेळाचं नातं सैल होईल, हा त्यांच्या मताचा रोख. तेव्हा ते मत मागे पडलं. आज चाहते ते पुन्हा वाचतात.

मॉस्कोला वर जायची ओढ लागली त्यामागे पैसा होताच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे बोइसी. आयडाहोच्या राजधानीचं बोइसी स्टेट हे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज होतं. १९७१ मध्ये त्याने पहिल्याच सामन्यात राज्याच्या थोरल्या विद्यापीठाला हरवलं. मग १९८२ ते १९९३ अशी सलग बारा वर्षं मॉस्को जिंकलं. १९९६ मध्ये दोघेही एकाच वेळी वरच्या श्रेणीत गेले. आणि १९९९ ते २०१० अशी सलग बारा वर्षं बोइसी जिंकलं. काळाने बारा वर्षांची परतफेड व्याजासकट केली. बोइसी वाढतं शहर, उद्योगधंदे, विमानतळ, श्रीमंत पाठीराखे. २००७ च्या पहिल्या दिवशी त्यांनी बलाढ्य ओक्लाहोमाला ४३-४२ असं हरवलं, तेव्हा त्यांचं नाव देशभर झालं. मॉस्कोकडे मसुरीची शेतं होती.

मॉस्कोचं छप्पर असलेलं स्टेडियम जेमतेम सोळा हजारांचं. वरच्या श्रेणीच्या अटींना ते अपुरं. म्हणून १९९९ ते २००१ या काळात आयडाहो आपले ‘घरचे’ सामने खेळायला आठ मैल ओलांडून पुलमनच्या स्टेडियममध्ये जात असे. शेजाऱ्याच्या ओसरीवर आपलं कार्य करण्यासारखंच हे! गंमत अशी, की त्यातल्या पहिल्या दोन वर्षी त्यांनी त्याच मैदानावर पुलमनला हरवलं. पण एखाददुसऱ्या विजयाने संसार चालत नाही. कॉन्फरन्सा बदलत, हजारो मैलांचे प्रवास करत वीस वर्षं गेली. २०१६ च्या मार्चमध्ये सन बेल्ट कॉन्फरन्सने करार वाढवायला नकार दिला. दोन महिन्यांच्या आत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की आपण खालच्या श्रेणीत परत जाणार. वरच्या श्रेणीतून स्वखुशीने उतरणारं, श्रेणी पाडल्यानंतरचं हे पहिलंच विद्यापीठ.

त्यावरून गावात काय गदारोळ झाला असेल, याची कल्पना करा. एक पक्ष म्हणत होता, ही नामुष्की आहे, देणग्या आटतील, राजधानीतले लोक हसतील. दुसरा म्हणत होता, विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या निधीतून हा थाट किती दिवस पोसायचा? शेजारच्या मोंटानाशी खेळायचं सोडून लुइझियानाला कशाला जायचं? पहिल्या पक्षाच्या दुर्दैवाने किंवा सुदैवाने, २०१६ च्या हंगामात संघाने नऊ सामने आणि एक बोल स्पर्धाही जिंकली. तरी निर्णय फिरला नाही. २०१८ मध्ये ते बिग स्कायमध्ये परतले आणि मोंटानाशी जुनी लढत पुन्हा सुरू झाली. २०२२ पासून सलग तीन वर्षं संघ आपल्या श्रेणीच्या राष्ट्रीय बाद फेरीत पोहोचला.

पुलमनचे चाहते हे सगळं वरच्या गॅलरीतून बघत होते. त्यांचा संघ १९९८ आणि २००३ मध्ये मानाच्या रोज बोलमध्ये खेळलेला. पॅक-१२ च्या टीव्हीच्या पैशांतून वर्षाला तीन कोटी डॉलरहून जास्त वाटा मिळायचा. मग ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन्ही विद्यापीठांनी बिग टेन कॉन्फरन्समध्ये जाण्याचं जाहीर केलं. बिग टेनने त्याच ऑगस्टमध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा प्रक्षेपण करार केला. वर्षभरात उरलेलेही पांगले. ४ ऑगस्ट २०२३ च्या एका दिवसात पाच विद्यापीठं बाहेर पडली, त्यांत राज्यातलंच थोरलं भावंड सिअॅटलही होतं. सप्टेंबर उजाडला तेव्हा बारांपैकी दोघेच उरले, ओरेगन स्टेट आणि पुलमन. १९५९ मध्ये मॉस्कोवर जी वेळ आली, तीच चौसष्ट वर्षांनी शेजाऱ्यावर आली.

मैदानावर काही चुकलं म्हणून हे झालं नाही. गाव लहान, टीव्हीचे प्रेक्षक कमी, एवढाच गुन्हा. उरलेल्या दोघांनी कोर्टात जाऊन कॉन्फरन्सचा ताबा आणि तिजोरी मिळवली. दोघांचीच कॉन्फरन्स दोन हंगाम चालवली आणि २०२६ पासून तिची नव्याने बांधणी करायचं ठरवलं. त्यासाठी ज्यांना बोलावलं त्यांत बोइसी स्टेट आहे. कालचं ज्युनियर कॉलेज आज पुलमनच्या पंगतीला बसतं.

आता जुन्या काळाबद्दल हळवं व्हायचा मोह होतो. त्यात एक धोका आहे. त्या सोनेरी काळात स्टेडियम भरायची, प्रशिक्षक गब्बर व्हायचे, आणि ज्यांचे गुडघे मोडायचे त्या पोरांना शिष्यवृत्तीपलीकडे उघडपणे काही मिळायचं नाही. २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीमुळे पहिल्या वर्षी एकेका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटता येऊ लागली. हा न्यायच आहे. मात्र ज्यांच्यापाशी एवढी रक्कम नाही, त्यांचं काय? पुलमनने २०२५ मध्ये अॅथलेटिक्सच्या संघातून उड्या आणि फेकीचे प्रकार बंद केले. फुटबॉलच्या बाजाराची किंमत भालाफेक करणाऱ्या मुलीने मोजली.

माझ्या मते या इतिहासातून एवढं नक्की दिसतं, की श्रेणी ही टीव्हीवाल्यांनी आणि हिशेबनिसांनी आखलेली रेघ आहे, ती पुन्हा पुन्हा पुसली जाते. तिच्यामागे धावणाऱ्या लहान गावाला धाप लागते. शेजार मात्र कोणी कराराने दिलेला नसतो, म्हणून तो टिकवणंही आपल्याच हातात असतं. सिअॅटल सोडून गेलं, तरी त्याच्याशी १९०० पासून चालत आलेला सामना २०२८ पर्यंत खेळायचा, असं दोघांनी ठरवलं. आणि २०२४ मध्ये मागे ठेवलेल्या धाकट्यानेच तो २४-१९ असा जिंकला.

मॉस्को आणि पुलमनही अधूनमधून खेळतात. ३० ऑगस्ट २०२५ रोजी वरच्या श्रेणीतलं पुलमन खालच्या श्रेणीतल्या मॉस्कोपुढे कसंबसं जिंकलं, १३ विरुद्ध १०. दोन इयत्तांमधलं अंतर त्या दिवशी तीन गुणांचं होतं.