कोरी जागा ठेवायची नाही

जुलै १९७५. मुंबईतल्या एका मराठी दैनिकात तुम्ही रात्रपाळीचे उपसंपादक आहात. बाहेर पावसाने झोडपून काढलंय, आत टेलिप्रिंटरची खडखड. सेन्सॉरच्या कचेरीतून शिपाई भिजत परत येतो आणि प्रूफ तुमच्यापुढे ठेवतो. धरपकडीच्या बातमीतले मधले दोन परिच्छेद आडवे खोडलेत. शेरा नाही, कारण नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आलेले. सेन्सॉर म्हटलं की दारात बंदूकवाला उभा असेल, अशी तुमची समजूत. इथे तसं काही नाही. चष्मा लावलेला एक सरकारी अधिकारी आहे, त्यालाही शेवटची गाडी पकडायची आहे.

खालून जुळारी वर येतो. "साहेब, पहिल्या पानावर चार इंच पडले. काय भरू?"

"तसंच सोडा कोरं," तुम्ही म्हणता.

वृत्तसंपादक मान वर करतात. "अहो, छापखान्याला टाळं लागेल! कोरी जागा ठेवायची नाही, असा हुकूम आहे."

मग ते सांगतात ते ऐका. २५ जूनच्या रात्री दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज गेली. सकाळी आकाशवाणीवर पंतप्रधान इंदिराबाई गांधी बोलल्या, तेव्हा आणीबाणी लागल्याचं देशाला कळलं. २८ तारखेला दिल्लीच्या 'इंडियन एक्सप्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच दिवशी इथल्या 'टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत निधनवार्ता आली: डी. ई. एम. ओक्रसी नावाचे कोणी गृहस्थ २६ जूनला वारले, मागे पत्नी टी. रूथ आणि मुलगा एल. आय. बर्टी. मोठ्याने वाचा म्हणजे उलगडेल. पैसे भरून छापलेली जाहिरात कोण तपासतो?

कोरा अग्रलेख मात्र सरकारला झोंबला. त्या जागी गांधीजींची नाहीतर टागोरांची वचनं टाकायलाही मनाई झाली. इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला वाचक कळतो, एवढं मान्य करायला हवं. कोरी जागा दिसली की वाचक विचारणार, इथे काय होतं? म्हणून चार इंचांत तुम्ही वीस कलमी कार्यक्रमाचं पत्रक भरता. सकाळी चहाबरोबर ते पान वाचणाऱ्याला काही गाळल्याचा संशयही येत नाही.

दिवस पुढे सरकतात, आणि सेन्सॉरकडून येणारं प्रूफ हळूहळू स्वच्छ यायला लागतं. तुम्हाला बरं वाटतं. पान वेळेत लागतं, जुळारी कुरकुरत नाही.

डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाला तुम्हाला पाठवतात. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. सरकारविरोधी आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण आजारी आहेत, तुरुंगातून सुटून मुंबईत जसलोकमध्ये उपचार घेताहेत. दुर्गाबाई सरळ व्यासपीठावरूनच त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगतात. तुमच्या अंगावर काटा येतो.

रात्री बातमी लिहायला बसता. साहित्य आणि समाज यांवरचे विचार लिहिता, गर्दीचं वर्णन करता. प्रार्थनेचं वाक्य लिहिता आणि स्वतःच काट मारता. उगाच कशाला, बातमी सगळीच अडकायची. सेन्सॉर तर मुंबईत, शंभराहून अधिक मैलांवर आहे.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातली खबर कानावर येते. मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्याशा मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला होता. मसानी कोर्टात गेले, आणि न्यायमूर्ती मादन व कनिया यांच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आणीबाणीतही सरकारवर टीका करणं हा गुन्हा होत नाही. सगळ्या वर्तमानपत्रांनी एकाच सुरात गावं, हे बघणं काही सेन्सॉरचं काम नव्हे.

वृत्तसंपादक उठून तुमच्या टेबलाशी येतात. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजाला धार आलेली असते.

"आपणही जाऊ कोर्टात. खोडलेली प्रूफं काढा पाहू सगळी."

तुम्ही खण उघडता. जुलैची जुडी आहे, ऑगस्टची दोन-तीन आहेत.

"पुढची?"

"पुढची नाहीत," तुम्ही सांगता. "त्यानंतर त्यांनी आपलं काही खोडलेलंच नाही."