अमळनेरचे छात्रालय आणि बालमनाची चिकित्सा

फ्रॉइड यांनी १९०९ साली घोड्यास भिणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती चिकित्सा मुख्यतः मुलाच्या पित्याकरवीच झाली होती. पुढे १९२७ साली त्यांची कन्या अ‍ॅना यांनी प्रतिपादिले की, बालकाचा विश्वास प्रथम संपादन केल्यावाचून चिकित्सेस आरंभच होत नाही. याच काळात, १९२४ पासून १९३० पावेतो, साने गुरुजी खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय त्यांजकडे आले तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न रागावता स्वतःच आवरीत. हे साम्य परस्परसंसर्गाचे फळ होय, असे आमचे म्हणणे नाही. भेदही ध्यानी धरावा. मेलनी क्लाइन यांची रीत बालकाच्या खेळाचा गूढार्थ लावण्याची. गुरुजी अर्थ लावीत नसत, लळा लावीत. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त तर प्रौढ श्याम आपले बालपणीचे भय व अपराध स्वमुखे सांगतो. खानदेशच्या शिक्षणाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने शाळांच्या स्थापनेचे सन नोंदून थांबू नये. मूल कोणापाशी निर्भयपणे बोलत असे, हेही शोधावे. बालमनाचे दप्तर अन्य किल्लीने उघडत नाही.