सिझेरियननंतरची झोप व हालचाल

पोट आणि गर्भाशयावर छेद घेऊन प्रसूती झाल्यानंतर बाळंतिणीने घ्यायची विश्रांती व टप्प्याटप्प्याने वाढवायचे चलनवलन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के, तर गोव्यात ३९.५ टक्के प्रसूती ‘सिझर’ने झाल्याचे आढळले.

छेद बहुधा ओटीपोटावर आडवा असतो. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात; त्यांच्यावरचे चिवट आवरण मात्र कापून पुन्हा शिवावे लागते. वरची त्वचा आठ-दहा दिवसांत मिळून येते, पण या आवरणाला सहा आठवड्यांनीही मूळची ताकद आलेली नसते. त्यामुळे चालायला लवकर लागायचे आणि वजन उशिरा उचलायचे.

कमरेतल्या भुलीच्या इंजेक्शनचा (स्पायनल) अंमल उतरून पायांत बळ आले की पहिल्या २४ तासांतच बाळंतिणीला उभे करतात. गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. त्यात शस्त्रक्रिया आणि पडून राहणे यांची भर पडली की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. चालण्याने पोटातला वायूही सुटतो. उठताना आधी कुशीवर वळावे, गुडघे दुमडावेत, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपर व तळहात रेटून बसावे. उताणे असताना सरळ उठू गेल्यास टाक्यांवर ताण येतो. खोकला-शिंक आली तर पोटाशी उशी दाबून धरावी. पहिल्यांदा उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सोबत कोणी असावे.

‘चोवीस तास उशी द्यायची नाही’ हा दंडक अजून अनेक ठिकाणी पाळतात. स्पायनलनंतर काहींचे डोके दुखते आणि आडवे झाल्यावर ते थांबते, हे खरे. पण सपाट पडून राहिल्याने ती डोकेदुखी टळत नाही. जन्मभराची कंबरदुखी या सुईच्या माथी मारणेही असेच निराधार.

झोपेचे गणित बाळाच्या हाती असते. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पिते, म्हणजे आईला सलग झोप मिळणे कठीणच. पाठीवर झोपताना गुडघ्यांखाली, कुशीवर झोपताना पोटाला उशीचा आधार घ्यावा. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामके वेळच्या वेळी घेतली तर झोप लागते. ‘दूध बिघडेल’ म्हणून ती परस्पर बंद करू नयेत. झापड असताना बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा खुर्चीत डुलकी काढणे धोक्याचे आहे.

माहेरच्या सव्वा महिन्याच्या रीतीतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कामाला मिळणारे दुसरे हात. डिंकाचे लाडू त्यानंतर. मात्र बाळंतिणीला बाजेवरून उठूच न देणे टाके असताना घातक ठरते, आणि बंद खोलीत पेटती शेगडी ठेवणे आई-बाळ दोघांनाही. दुपारी बाळ पाहायला येणारी मंडळी नेमकी तिच्या झोपेची वेळ गाठतात, हेही घरच्यांनी ध्यानात घ्यावे. पोटपट्ट्याने हालचाल करताना आधार वाटतो, पण पोट आत जात नाही.

पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. भरलेली बादली आणि मोठे मूलही त्यात आले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम लघवीची नळी काढल्यावर लवकरच सुरू करता येतात, पोटाचे मात्र तपासणीनंतर. अचानक ब्रेक दाबताना दुखत नाही, अशी खात्री झाल्यावरच गाडी चालवावी.

एकाच पोटरीला सूज, धाप, ताप, टाक्यांतून पू किंवा वाढता रक्तस्राव यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळ झोपले तरी आईला झोप येत नसेल, मन सतत उदास असेल, तर डॉक्टरांना सांगावे. शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे.