वतनाबाहेरची वंशावळ

परभणी जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाने आपल्या कुळाचा मागोवा घ्यायचे मनात आणले, तर वाट ठरलेली आहे. आरंभ तलाठ्याच्या दप्तरापासून होतो. सातबारा आणि फेरफार चाळून झाले की १९५४ सालच्या खासरा पाहणीपर्यंत मागे जाता येते. तिच्यापलीकडे निजामी अमदानीतील सेतवार आणि पटवाऱ्याचे मोडी कागद लागतात. तहसिलीच्या वरचा व्यवहार आधी फारशीत आणि पुढे उर्दूत चालत असल्यामुळे तेथे जाणकार मुन्शी गाठावा लागतो. आणि घराणे देशमुख-देशपांड्यांपैकी असेल, तर सनदा, महजर व निवाडे यांच्या आधारे शोधकाची दृष्टी कित्येक पिढ्यांपलीकडे पोहोचते. दुसरी वाट नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमधून जाते. यजमानाचे नाव आणि गाव सांगताच उपाध्याय वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाच्या अस्थींचे विसर्जन करण्यासाठी आले होते हे वाचून दाखवितात. सरकारला सारावसुलीची चिंता आणि उपाध्यायाला यजमानकृत्याची. या दोन अत्यंत व्यावहारिक चिंतांनीच आपल्याकडील वंशविद्या जिवंत ठेवली आहे.

परंतु हा शोध पणजोबांऐवजी पणजीचा असला, तर दोन्ही वाटा काही पावलांतच विरून जातात. लग्नात तबकातील तांदळावर नवे नाव रेखले जाई आणि माहेरचे नाव तेथेच संपे; आडनाव बदले, गाव बदले, देवक आणि कुलस्वामिनीही बदले. सासरच्या गावात तिला कोणी पाथरीची म्हणत, कोणी मानवतची. म्हणजे माहेरचे गाव तेवढे तिच्या ओळखीला चिकटून राही, परंतु तेही लोकांच्या तोंडी, कागदावर नव्हे. दप्तरात तिचा प्रवेश बहुधा आपत्तीच्या निमित्ताने होई. पती निवर्तला आणि पोटी संतान नसले, म्हणजे दत्तविधानाच्या प्रसंगी किंवा वारसाच्या तंट्यात ‘अमुकबाई जौजे अमुक’, म्हणजे अमुकची पत्नी, अशी तिची नोंद पडे. सौभाग्यवती, लेकुरवाळी आणि सुखी स्त्री सरकारदरबारी जणू अस्तित्वातच नव्हती. श्राद्धाच्या संकल्पात माता, पितामही आणि प्रपितामही यांचा उच्चार होतो, त्यामुळे तीन पिढ्यांतील स्त्रियांची नावे उपाध्यायाला विचारून घ्यावी लागतात. या बाबतीत धर्मकृत्याची स्मृती महसुलाच्या स्मृतीहून उदार आहे हे मान्य केलेच पाहिजे, मात्र ती उदारताही चौथ्या पिढीपर्यंत टिकत नाही.

ही एकट्या मराठवाड्याची कहाणी नव्हे. अमेरिकेतील एखाद्या खेडवळ शेतकरणीच्या वंशजांनाही आपल्या पूर्वजा शोधताना हीच भिंत आडवी येते. तेथील शिरगणतीत १८४० पर्यंत प्रत्येक घरातून कुटुंबप्रमुखाचे तेवढे नाव लिहीत आणि बाकीच्यांची गणती आकड्यांत करीत. १८५० पासून स्वतंत्र नागरिकांच्या घरातील बायकामुलांचीही नावे लिहिली जाऊ लागली, गुलामांना मात्र तेव्हाही नावे लाभली नाहीत. ज्याच्याकडे सत्ता किंवा मिळकत, त्याची वंशावळ, हा न्याय सर्वत्र सारखाच दिसतो.

त्या न्यायाचे ठळक उदाहरण परभणीतच आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या वंशातले, असे इतिहासकार मुहम्मद कासिम फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. त्या घराण्यातील एक जण परागंदा होऊन विजयनगरच्या मुलखात गेला, त्याचा मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला, मुसलमान होऊन मलिक हसन या नावाने मोठ्या पदाला चढला आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने अहमदनगरची गादी स्थापिली. पुढे बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरीची मागणी केली, ती अमान्य होताच १५१८ मध्ये पाथरी घेतली आणि वडिलोपार्जित वतनाचे गाव आपल्या ब्राह्मण भाऊबंदांकडे सोपविले. फरिश्ता तरुणपणी अहमदनगरच्या दरबारी होता. ही कथा त्याच्या कानी पडली ती राजघराण्याला शोभेल अशा रीतीने सजवलेली असणे अशक्य नाही, आणि मलाही ती पुरती निर्भेळ वाटत नाही. परंतु धर्म बदलला, नाव बदलले, मुलूख बदलला, तरीही बापाकडून लेकाकडे जाणारा धागा शाबूत राहतो आणि त्याच्या जोरावर एका कसब्यासाठी फौज निघते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धागा टिकला, कारण त्याच्या टोकाला वतन बांधलेले होते.

आता त्याच जिल्ह्यातील, गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनी, म्हणजे संत जनाबाई, पाहा. तिचे वतन शून्य. पिता दमा, माता करुंड, बालपणीच मातृवियोग आणि मग पंढरपुरात संत नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी दासी म्हणून वास्तव्य, एवढाच वृत्तांत परंपरा सांगते. त्याच्यामागे आजा नाही, आजी नाही, आडनाव नाही. वंशशोधकाच्या दृष्टीने हा प्रकरणाचा शेवट. मात्र जिच्या घराण्याचा ठाव लागत नाही त्या जनीच्याच नावावरील एका अभंगात नामदेवांच्या कुटुंबाची संपूर्ण वंशावळ आली आहे. दामाशेटी आणि गोणाई, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र, लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई आणि अखेरीस दासी जनी. एकंदर १५ नावे, त्यांत ९ स्त्रियांची. कोणत्या पटवाऱ्याने एका घरातील चार सुनांची नावे अशी ओळीने लिहिली असती? दळणकांडण करणारी, उष्टी काढणारी, अंगणापासून माजघरापर्यंत सर्वांची हाक ऐकणारी दासीच हे करू शकली, कारण तिच्या लेखी कुटुंब म्हणजे मिळकतीचे वाटेकरी नव्हेत, तर रोज जेवायला बसणारी माणसे. स्वतःला तिने वेडीपिशी म्हणून शेवटी ठेवले आहे, पण यादीबाहेर ठेवलेले नाही. आडनावाच्या जागीही तिने ‘नामयाची दासी’ हीच ओळख लावली. या मुद्रेखाली पुढील काळातील इतर रचना मिसळल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा तर्क आहे आणि तो मला रास्त वाटतो.

नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी मानतात. ते आज हिंगोली जिल्ह्यात आहे. परंतु १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच मोडत असे. म्हणजे धनी आणि दासी एकाच मुलखातून चंद्रभागेकाठी गेलेले.

जनीनंतरही जात्यावरच्या बायांनी आपल्या माणसांची नावे गाण्यात गुंफण्याची हीच पद्धत चालविली. पहाटेच्या ओवीत बापाचे नाव, बंधूचे नाव, माहेरची वाट आणि तिथले देऊळ येते; जे फेरफारात नाही ते ओवीत असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पूर्णा तालुक्यातील ताडकळस हे गावही त्या संग्रहात आहे. गिरणी आली आणि जाते थांबले, तेव्हा हे दप्तरही बंद पडले.

अलीकडे, २०२३ पासून, मराठा आरक्षणाच्या निमित्ताने कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यातील मोडी-उर्दू कागद पुन्हा चाळले जात आहेत, गावोगाव वंशावळी जुळविल्या जात आहेत आणि त्यातही पुरावा पितृकुळाचाच ग्राह्य धरला जातो. आईकडची सोयरीक मोजावी की नाही यावर वाद पेटला. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत बालकाच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले आहे. शंभर वर्षांनी कोणी पणजी शोधू लागला, तर तिचे नाव त्याला सहज सापडेल. ती कोणत्या गावची, कोणाची लेक, हे विचारायला मात्र त्याला तिच्या माहेरच्या माणसांचेच दार ठोठावावे लागेल.