ओव्यांचे वाचन

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की मराठीची थोरवी गाणाऱ्या ‘ख्रिस्तपुराणा’तील चार-दोन ओव्या व्यासपीठावरून हमखास म्हटल्या जातात. उरलेल्या हजारो ओव्यांना मात्र वाचक लाभत नाही. वस्तुतः हा ग्रंथ सभेत उद्धृत करण्यासाठी नव्हे, तर भाविकांपुढे मोठ्याने वाचण्यासाठी रचला गेला.

१५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ग्रंथारंभीच त्याची हकीकत दिली आहे. साष्टीच्या चर्चमध्ये (ही गोव्याची साष्टी, आपले उत्तन-भाईंदर जिच्यात मोडते ती नव्हे) रविवारी धर्मशिक्षण चालू असता एक नवख्रिस्ती विचारतो, की आमची जुनी पुराणे वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी नवे पुराण का देत नाही? हा प्रश्न आम्हांला आजही अस्वस्थ करतो. त्याचे उत्तर १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. एकूण १०,९६२ ओव्या.

पुढे १६४९ व १६५४ मध्ये ते पुन्हा मुद्रित झाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, तरी ग्रंथ मेला नाही. घराघरांतून हस्तलिखिते उतरवली गेली आणि त्यांच्याच आधारे जे. एल. सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तो संपादून प्रसिद्ध केला. देवनागरीत तो आणण्याचे श्रेय शांताराम बंडेलू यांचे. ती आवृत्ती १९५६ ची. १९९६ मध्ये कॅरिदाद द्रागो यांचीही आवृत्ती आली.

वसईच्या खाडीपलीकडची वार्ता वाचकांना ठाऊक आहेच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तो मान मिळालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांचे सत्कार आपण हौसेने केले. त्यांची पुस्तके किती घरांत उघडली गेली, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या मुलांचे शिक्षण आता बहुतांशी इंग्रजीतून होते. त्यांना जुनी ओवी कठीण जाईल, हे खरे. परंतु कानाला ती तितकी परकी वाटत नाही, असा आमचा अनुभव आहे. येत्या उपवासकाळात सायंप्रार्थनेनंतर दुसऱ्या पुराणातील दुःखसहनाच्या रोज दहा ओव्या घरातील वडीलधाऱ्यांनी वाचाव्यात आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे सांगावा.