शाळाच गेली कुरणात

१९४५ साली ताराबाई मोडक त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, तेव्हा बालशिक्षणात त्यांचं नाव झालेलं होतं. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. तिथली मुलं शहरी, साधनं माँटेसोरी पद्धतीची.

बोर्डीत हा सरंजाम चालेना. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटेच कामावर जात, मुलांना नेऊन सोडणार कोण? मग बाईच वस्तीत जाऊ लागल्या आणि कुणाच्या तरी अंगणात वर्ग भरू लागला. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी. विकतच्या साधनांची जागा शिंपले, चिंचोके, पानं आणि खडे यांनी घेतली. मोजायला, रंग-आकार लावायला ते पुरेसे होते. शिवाय मुलांच्या ओळखीचे. या वर्गाला अंगणवाडी म्हणू लागले.

१९५७ मध्ये ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे वारली आदिवासी मुलांची अडचण निराळी निघाली. सहा-सात वर्षांचा मुलगा दिवसभर गुरांमागे, त्याची बहीण कडेवर धाकटं भावंड घेऊन. त्यांना आळशी किंवा मंद ठरवणं सोपं होतं. या दोघींनी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं. गुराख्यांसाठी वर्ग कुरणातच भरवला: गुरं चरताहेत, जवळच मुलं शिकताहेत. तीच कुरणशाळा. बहिणीसाठी तोड वेगळी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे कडेवरचं पोर पाळणाघरात ठेवून तिला वर्गात बसता येई. या रचनेचं नाव विकासवाडी. शाळेचं वेळापत्रक मुलांच्या कामावरून ठरवण्याचं हे धाडस आजच्या कितीतरी शाळांना पेलणारं नाही.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिची केंद्रं देशभर अंगणवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली. पोषण आहार, लसीकरण, वजनाच्या नोंदी या कामांत अंगणवाडी सेविकेचा दिवस जाऊ लागला. शिकवणं बरेचदा मागे पडलं. ताराबाई त्याआधीच, १९७३ मध्ये गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र कोसबाडचं काम पुढे चालू ठेवलं.